मावशीचं विधेयक

सत्काराची शाल बघितली की मला अजूनही मळमळतं. लग्नकार्यात कुणी हौसेनं माझ्या खांद्यावर टाकलीच, तर घडी मोडायच्या आत मी ती बायकोकडं देतो आणि बायको शेजारणीला सांगते, "यांना लोकरीची खाज सुटते." खाज लोकरीची नाही. खाज आमच्या मामांची आहे.

मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. राणीसावरगावच्या अंगाला आमचं आजोळ. मामा आमदार झाले तेव्हा मी परभणीत एका शाळेत मराठी शिकवत होतो आणि आपल्याला मराठी येतं अशी माझी समजूत होती. नामांतराची वर्षं होती ती. मुंबईत दोन्ही सभागृहांनी ठराव केलेला, इकडं गावागावांत दलितांची घरं जळलेली, आणि विद्यापीठाच्या पाटीवर तेच जुनं नाव. मामा परभणीच्या सभेत ठरावाच्या बाजूनं बोलायचे आणि गावाकडं पारावर गप्प बसायचे. सभागृहात बोललेलं आणि गावात घडलेलं यांची आपसात ओळखदेख नसते, हे मला त्यावरूनच कळायला पाहिजे होतं. पण मला लवकर असं काही कळत नाही. लग्नातसुद्धा अंतरपाट बाजूला झाल्यावर मी अजून तिकडंच बघत होतो, असं बायको सांगते.

सरकार आणतं ती विधेयकं वेगळी. आमदारानं स्वतःच्या नावावर मांडायची वेगळी असतात, ती अशासकीय. शुक्रवारी दुपारनंतर, निम्मे आमदार गावाकडच्या गाडीला लागलेले असताना ती पुकारतात. मामांना या शुक्रवाराचा शोध लागला आणि त्यांना सूरच सापडला. मंत्रिपद मिळायचं लक्षण नव्हतं. विधेयक मात्र कुणालाही मांडता येतं. अधिवेशन जवळ आलं की मामांची जीप आमच्या घरापुढं उभी राहायची.

"भाच्या, काढ कागद. त्या शेजारच्या आमदारानं मागल्या बारीला आठ टाकलीत. आपली धा पायजेत."

"कशावर टाकायची, मामा?"

"ते तू बघ की. मास्तर कशाला केलं तुला?"

मग विषय घरातूनच निघायचे. चुलतमामाला बसस्टँडवर शिळी भजी लागली, की शिळ्या अन्नाच्या विक्रीला बंदी. व्याह्यांच्या वरातीत भोंग्यानं कुणाचा कान बसला, की भोंग्यांवर नियंत्रण. शेजाऱ्याच्या म्हशीनं मळ्यात तोंड घातलं, की मोकाट जनावरं. विधेयकाच्या शेवटी 'उद्देश व कारणे' नावाचा एक मजकूर जोडावा लागतो. तो लिहिणं माझ्याकडं. म्हशीवर मी दीड पान लिहिलं होतं. त्यात 'कृषिसंस्कृतीचा ऱ्हास' हे शब्द होते आणि ते मी बायकोला दोनदा वाचून दाखवले. ती म्हणाली, "म्हशीला कळलं तर दूध आटंल तिचं."

या सगळ्या हसण्यात एक विधेयक मात्र खरं होतं. ते मावशीचं.

मावशी सगळ्यांत धाकटी. तिला वालूरला दिली होती. घर चांगलं, जमीन काळी, माणसं मोजून बोलणारी. मूल झालं नाही म्हणून नवऱ्यानं दुसरी केली आणि मावशीला 'चार दिवस माहेरी जाऊन या' म्हणून गाडीत बसवून दिलं. ते चार दिवस संपलेच नाहीत. मामांच्या घरी ती पहाटेपासून चुलीपुढं असायची. आमदाराचं घर; कार्यकर्ते सकाळी दात घासायच्या आधीच येऊन बसलेले. तिला कुणी त्रास देत नव्हतं, मामी चांगल्या होत्या. पण लुगडं फाटलं तर नवं मागायचं कुणाला, हा प्रश्न मावशीला महिनामहिना पुरायचा. तिला एकच पाहिजे होतं: स्वतःच्या नावाची थोडी जमीन, तिच्यावर एक खोपट आणि कुणाला न विचारता पेटवायची चूल. हे ती कधी रडून सांगत नसे. भाकरी थापता थापता, भाव विचारल्यासारखं विचारायची, "बापू, टाकलेल्या बाईला नवऱ्याच्या शेतात काई मिळत न्हाई का रं कायद्यानं?"

पोटगी मिळते, मी म्हणालो.

"पोटगी मागायला दर म्हैन्याला त्याच्याच तोंडाकडं बघावं लागतंय. शेत मागायलाय मी."

मामांनी हे ऐकलं आणि हातातला घास तसाच ठेवला. मला वाटलं, बहिणीचं ऐकून गलबलले. ते म्हणाले, "भाच्या, हे लिही. लय भारी हाय. अख्खं सभागृह रडंल."

मी लिहिलं. या वेळी संस्कृती, ऱ्हास काही आणलं नाही. मावशी बोलली ते थोडं इस्त्री करून घातलं. नवऱ्यानं टाकलेल्या स्त्रीचं नाव त्याच्या जमिनीला लागावं, एवढंच मागणं. मावशीला वाचून दाखवलं तेव्हा तिनं पीठ भरलेल्या हातानं कागद धरला आणि विचारलं, "ह्याच्यात वालूर न्हाई लिहिलं?"

"कायदा सगळ्यांसाठी असतो, मावशी."

"सगळ्यांसाठी आसू दे. पर वालूर पायजे होतं."

मुंबईच्या अधिवेशनात मामांनी ते मांडलं. वर्तमानपत्रात त्यांचा फोटो आला, खाली मोठ्या अक्षरांत 'परित्यक्तांच्या हक्कासाठी आमदारांचे विधेयक'. गावात फटाके वाजले. मामा परत आले त्या दिवशी गावातल्या बायकांनी ओवाळलं, शाल आली, नारळ आला. आमच्याकडं 'मांडलं' म्हणजे 'झालं' असंच सगळे धरून चालले होते. पाट मांडला की जेवण असतं, डाव मांडला की खेळ असतो. विधेयक नुसतं मांडून ठेवतात हे कुणाला ठाऊक असणार? दोन गावांतून टाकलेल्या बाया अर्ज घेऊन आल्या. मामांनी ते अर्ज मान वाकवून स्वीकारले. "झालं नाही अजून" असं त्या दिवशी मामा एकदाही म्हणाले नाहीत. मी म्हणायला गेलो तर त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला.

पुढच्या आठवड्यात मावशी एकटी परभणीला आली. पिशवीत वर्तमानपत्राचं ते पान होतं. "चल बापू, वालूरला. तलाठ्याला दाखवू."

मी समजावलं. विधेयक, कायदा, राज्यपाल, सगळं फळ्यावर सांगतो तसं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. एस्टी कितीला हाय?"

वालूरचा तलाठी भला माणूस होता. त्यानं मावशीला खुर्ची दिली, पान वाचलं, माझ्याकडं बघितलं. मी खिडकीतून बाहेर, कडुलिंबाखाली बांधलेल्या एका शेळीकडं बघत राहिलो.

"बाई, ह्ये तुमचे कोण?" त्यानं फोटोवर बोट ठेवलं.

"सख्खे भाऊ."

"मग त्यायलाच विचारा की. पेपरात आलं म्हणून नाव लागत न्हाई. आदी तिकडं पास व्हावं लागतंय, मग आमाला वरून कागद येतो. आलं तर मी तुमच्या घरी येऊन सांगतो."

मावशीनं पान घडी करून परत पिशवीत ठेवलं. बाहेर आल्यावर, समोरच्या हॉटेलात बसलेल्या तिच्या दिरानं मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "काय वहिनी, मोजणी आणली का संगं?" चार माणसं हसली. मावशी थांबली आणि म्हणाली, "आणते. तवर बांध कोरू नका." एस्टीत बसेपर्यंत ती ताठ होती. सेलू येईपर्यंत खिडकीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, "पास कवा करतेत?"

नागपूरला, हिवाळ्यात. विधेयक चर्चेला लागलं, असा मामांचा निरोप आला आणि मावशी हटून बसली की मला बघायचंय. आम्ही गेलो. पूर्णेला गाडी बदलली, अकोल्याला बदलली. मावशीनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं आणि रस्ताभर त्याच्यावर चहा सांडू नये म्हणून चहाच घेतला नाही. मामांनी गॅलरीचे पास काढून ठेवले होते. आत जाताना तिची पिशवी ठेवून घेतली, त्यात सभागृहासाठी केलेल्या दशम्या होत्या.

वरून सभागृह बघून मला लाज वाटली, जणू मीच पाहुण्यांना रिकाम्या घरी आणलं होतं. बाकं ओस होती. कुणी पेपर वाचत होता, कुणी शेजाऱ्याच्या कानात हसत होता. मावशीच्या विधेयकाचं नाव पुकारलं तेव्हा तिनं हात जोडले. तिथल्या शिपायानं येऊन हळूच सांगितलं, "बाई, हात खाली." तिनं खाली केले, पण पदराखाली जोडलेलेच ठेवले.

मामा उठले. चांगलं बोलले, खोटं कशाला सांगू. माझी वाक्यं त्यांनी तशीच म्हटली, मध्ये एकदा चष्मा काढून डोळे पुसले. "अध्यक्ष महाराज, माझ्या घरातच अशी एक भगिनी आहे," म्हणाले. मावशीनं पदर नीट केला. मग मंत्री उठले. सन्माननीय सदस्यांच्या भावनांशी शासन सहमत आहे, या विषयावर सर्वंकष विचार चालू आहे, तरी सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं अशी विनंती आहे. हे सांगायला त्यांना तपकिरीची एक चिमूट ओढायला लागतो तेवढा वेळ लागला. मामा पुन्हा उठले, हसून म्हणाले, "मंत्रिमहोदयांच्या आश्वासनानंतर मी माझं विधेयक मागे घेतो." अध्यक्षांच्या खुर्चीत बसलेल्यांनी विचारलं, सभागृहानं होकार भरला आणि पुढचं विधेयक पुकारलं. ते बहुतेक पतंगाच्या दोऱ्याबद्दल होतं.

मावशी वाट बघत होती. बऱ्याच वेळानं तिनं मला विचारलं, "आता आपलं कवा घेतेत?"

संध्याकाळी आमदार निवासात मामा पलंगावर मांडी घालून संत्री सोलत होते. बिया थुंकायला वर्तमानपत्र पसरलं होतं. मावशी दाराशी उभी.

"दादा, तू मागं का घेतलंस?"

"अगं बाई, मागं घ्यायसाठीच मांडत असतेत. आजवर कुणाचं पास झालंय? न घेतलं तर मंत्री नाराज. आपल्याला पूल पायजे, रस्ता पायजे. बस, संत्रं खा."

"मग मांडलंस का?"

"धा मांडली यंदा! पूर्ण जिल्ह्यात कुणाची न्हाईत." आणि माझ्याकडं वळून, "भाच्या, पत्रकात हे वर घ्यायचं, ठळक. 'सर्वाधिक विधेयके'."

एक फोड त्यांनी माझ्या हातावर ठेवली. ती मी खाल्ली, कारण मोठ्या माणसानं दिलेलं ठेवायचं कुठं हे मला सुचत नाही. पण तिची चव अशी लागली की आजही बायकोनं संत्री आणली तर मी पोरांना वाटून टाकतो. मावशीनं काही घेतलं नाही. सभागृहाच्या दाराशी राहिलेली आपली पिशवी तिनं जाऊन मागून आणली आणि त्या दशम्या आम्ही दोघांनी परतीच्या गाडीत खाल्ल्या.

इथवर मी म्हणायचो, राजकारण आहे, चालायचंच. खरी शिसारी पुढं आली.

मामांना कॉलेज काढायचं होतं. महिलांचं. गावाबाहेरची आमच्या आजोबांची जमीन त्यासाठी संस्थेच्या नावावर करायची, आणि तिला तर तिघांची नावं वारस म्हणून लागलेली: मामा, आई, मावशी. आमच्याकडं अशा वेळी भाऊ बहिणींना एक लुगडं घेतो, जेवू घालतो आणि हक्कसोडीच्या कागदावर अंगठा घेतो. बहीणही देते. न देईल तर माहेरचा उंबरा बंद, हे तिला न सांगता माहीत असतं. मामांनी दोघींना जरीकाठाची लुगडी आणली, घरी पुरणाचं जेवण केलं आणि जीपमधून तालुक्याच्या निबंधक कचेरीत नेलं. साक्षीदार म्हणून मी. परित्यक्तांवर भाषण करून दोन महिनेही झाले नव्हते.

"दादा, ह्यो कागद कशाचा?" मावशीनं जीपमध्ये विचारलं.

"बायांच्या कालेजाचा. तुझ्यासारख्यांचीच सोय."

आईनं बिनबोभाट सही केली. ती मोठी, तिला भावाचं कौतुक. "माझं काय जायलंय," म्हणाली, "लेक मास्तर हाय माझा." मग निबंधक साहेबांनी मावशीला पुढं बोलावलं. तिथं एक प्रश्न विचारायची रीत आहे. सगळ्यांना विचारतात आणि उत्तर येण्याआधीच शाईची डबी पुढं सरकवतात.

"राजीखुशीनं देता ना, बाई?"

"न्हाई," मावशी म्हणाली.

साहेबांनी मान वर केली. मामा हसले. "तिला ऐकू आलं नसंल. बाई, राजीखुशीनं का म्हणून विचारायलेत."

"आलंय ऐकू. न्हाई म्हणले मी."

आई तिच्या दंडाला धरून दबक्या आवाजात म्हणाली, "अगं भवाने, भाऊ हाय तो. म्हायेर तुटंल."

"आक्का, तुला घर हाय. मला म्हायेरच घर हाय, अन् तेबी त्याच्या नावावर."

साहेबांनी टोपण लावलं. "मग दस्त होत नाही, आमदारसाहेब." परतताना गावच्या फाट्यावर मामांनी जीप थांबवली आणि समोर बघत म्हणाले, "भाच्या, हिला काही दिवस तुझ्याकडं ने." कपड्यांचं बोचकं दुसऱ्या दिवशी एस्टीच्या कंडक्टरबरोबर आलं. जरीकाठाचं लुगडं त्यात नव्हतं.

आता दोघी बहिणी माझ्या दोन खोल्यांच्या घरात, एका स्वयंपाकघरात, आणि एकमेकींशी अबोला. माझी बायको मध्ये.

"सूनबाई, सांग तिला, वरणात मीठ न्हाई."

"सूनबाई, म्हणावं, जिभेला मीठ लागत न्हाई, भावाची साखर खाल्लीय."

बायको रात्री मला म्हणायची, "तुमचं ते विधानसभेत असंच असतं का?" मी म्हणायचो, तिथं मिठाचा विषय पुढच्या अधिवेशनात घेतात.

पण कॉलेजच्या अर्जाची मुदत जवळ येत होती आणि मावशीच्या सहीशिवाय जमिनीचा कागद साफ होत नव्हता. मामांनी माणसं पाठवली, मामींना पाठवलं, शेवटी आईलाच मावशीची समजूत घालायला सांगितलं. आई अबोला मोडून पहिलं वाक्य बोलली ते असं, "तुझा दादा म्हणतोय, माळ देतो." कॉलेजच्या जागेच्या पलीकडं, ओढ्याच्या वरचा मुरमाड माळ. बैलाचा नांगर जिथं ठिणग्या पाडतो असा. मावशीनं विचारलं, "नावावर?" आई म्हणाली, "नावावर." मावशीनं सही दिली. आधी तिच्या नावाचं वाटणीपत्र झालं, मगच बाकीच्या जमिनीवरची तिची सही; हा क्रम तिनंच लावला होता.

इथं गोष्ट संपली असती तर मी मामांना अर्धं माफ केलं असतं. पण पंधरवड्यात निमंत्रणपत्रिका आली. 'सख्ख्या बहिणीस स्वखुशीने जमीन देणाऱ्या आदर्श बंधूचा जाहीर नागरी सत्कार.' मामांचा मला निरोप होता: मानपत्र तू लिही. मी कळवलं, हात मुरगळलाय. खोटं वाटू नये म्हणून बायकोकडून हळद-तेलाची पट्टीही बांधून घेतली आणि ती सुटू नये म्हणून शाळेत तीन दिवस डाव्या हातानं खडू धरला. मानपत्र मग दुसऱ्या कुणी लिहिलं. त्यात मामांची तुलना थेट कृष्णाशी होती आणि लोकांना माझ्यापेक्षा त्याची भाषा आवडली.

मावशी समारंभाला गेली. मामांचा तसा सांगावाच होता आणि त्याच दिवशी मोजणीदार माळावर खुणा रोवायला येणार होता. मंडपात तिला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मामांच्या गळ्यात हार पडत होते, शालीवर शाल चढत होती, उन्हात त्यांच्या कपाळावरून घाम निथळून गंध खाली ओघळलं होतं. ज्या बाया अर्ज घेऊन आल्या होत्या त्यातल्या दोघी मागं उभ्या होत्या आणि टाळ्या वाजवत होत्या. मला ओकारीसारखं झालं. ते उन्हामुळं असेल म्हणून शेजारच्यानं मला पाणी दिलं.

मग मावशीला माइकपुढं नेलं. "दोन शब्द बोला, भावाबद्दल."

ती माइकपासून जरा मागं सरून म्हणाली, "जमीन मिळाली. पाणी न्हाई तिथं. हिरीचं बघा."

लोक हसले, टाळ्या झाल्या. मामा तडक उठले, माइक हातात घेतला आणि भरल्या आवाजात जाहीर केलं की निराधार भगिनींच्या विहिरींसाठी येत्या अधिवेशनात ते स्वतः विधेयक मांडणार आहेत. टाळ्या दुप्पट झाल्या. कुणीतरी घोषणा दिली. मामांनी गर्दीत मला शोधलं आणि माझ्या पट्टी बांधलेल्या हाताकडं बघून डोळा मारला.

मावशी कधी खाली उतरली मला कळलं नाही. मांडवाच्या मागं ती चपला शोधत होती.

"बापू, चल. मोजणीवाला वाट बघून निघून जाईल."

"मावशी, अजून भाषणं चाललीत."

"चालू दे. ती काय संपायलीत?"

माळावर मोजणीदार साखळी गुंडाळायच्या बेतात होता. मावशीनं त्याला बसू दिलं नाही. तिनं स्वतः खुणेचा पहिला दगड खांद्यावर घेतला. मी दुसरा उचलायला गेलो तर पट्टी सुटली आणि हात चांगला असल्याचं उघड झालं. "बरा झाला वाटतं," ती म्हणाली आणि तिसराही मलाच दिला. गावाकडून भोंग्यावर मामांचा आवाज येत होता. वारा फिरला की शब्द कळायचे, नाहीतर नुसती गुरगुर. मोजणीदारानं विचारलं, "कोपरा हितं धरू का, बाई?"

मावशी वाकून बघत म्हणाली, "वीतभर पलीकडं. ओढ्याच्या बाजूला. त्या बाभळीची सावली माझ्यात आली पायजे."

त्यानं वीतभर पलीकडं धरला. तिनं कुदळ घेतली आणि मुरमात खड्डा घ्यायला सुरुवात केली.